पुढे चांगले मिळते

मुंबईहून एका दिवसात जाऊन यावयाच्या सहलीत गाडी आणि सारथी यांच्याइतकेच अपरिहार्य असे आणखी एक पात्र असते. त्यास, अन्य पदवीच्या अभावी, आपण अन्नाधिकारी म्हणू. नेमणुकीचा हुकूम त्याच्यापाशी नसतो, सनद कोणी दिलेली नसते. तरीही पळस्प्याचा फाटा ओलांडताच गाडी कोठे थांबावी, कोणी काय खावे आणि विशेषेकरून कोणी काय खाऊ नये, याविषयीचा सर्व मुलकी अंमल आपोआप त्याच्या हाती येतो. हा गृहस्थ बहुधा पन्नाशीच्या पुढचा, देहाने समृद्ध, सारथ्याच्या शेजारचे आसन वंशपरंपरागत वतनासारखे उपभोगणारा, आणि बालपणी मे महिन्याच्या सुटीत महामंडळाच्या लाल गाडीतून ओकाऱ्या देत देत कशेडीचा घाट चढलेला असा असतो. त्या घाटाच्या कुठल्याशा वळणावर, रिकाम्या झालेल्या पोटी, त्याने एक बटाटेवडा खाल्लेला असतो. आणि त्या एका वड्याच्या पुण्याईवर तो मुंबई-गोवा रस्त्यावरील यच्चयावत भोजनगृहांचा निवाडा आजन्म करीत राहतो.

त्याचे सारे तत्त्वज्ञान ‘पुढे चांगले मिळते’ या तीन शब्दांत सामावलेले आहे. पेणला पोरे भुकेली होतात, तेव्हा वडखळला चांगले मिळते. वडखळ आले की नागोठणे, नागोठणे आले की कोलाड, आणि कोलाडास पोहोचल्यावर तो काचेतून एकवार बाहेर पाहून ‘मालक बदललेला दिसतो’ असा शेरा मारतो व गाडी माणगावाकडे रवाना करतो. या रस्त्याचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले असून ते संपण्याची वाट पाहण्यात एक पिढी वयात आली. त्यामुळे दोन गावांमधले अंतर किलोमीटरांत मोजणे व्यर्थ असून ते पोटातल्या कावळ्यांच्या आवाजावरूनच मोजावे लागते, ही गोष्ट मात्र त्याच्या हिशेबात धरलेली नसते.

आमची मंडळी निघाली होती रायगड पाहावयास. ज्या गडावर 6 जून 1674 रोजी शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला, तो गड म्हणजे अन्नाधिकाऱ्याच्या लेखी न्याहारी आणि जेवण यांच्या दरम्यान उद्भवलेला एक चढ होय. गडावरच्या झोपड्यांतून पिठले-भाकरी आणि ताक मिळते, असे कोणी चाचरत सुचविले. त्यावर, ते पर्यटकांसाठी असते, असे त्याने तुच्छतेने सांगितले. आपण स्वतः कोण, हा प्रश्न त्याला पडत नाही.

लोणेरे मागे पडल्यावर त्याने आपल्या पुतण्याची कथा काढली. हा पुतण्या जपानात ओसाकास नोकरीस आहे, आणि काकांना त्याने एकदा तेथे नेलेही होते. ओसाकाहून तासाभराच्या आत नारा. तेथे मोठा बुद्ध पाहावा, हरणांना बिस्किटे चारावी, आणि पर्सिमनच्या पानात गुंडाळलेला, खारवलेल्या बांगड्यासारख्या माशाचा भात खावा. ते झाड आपल्या तेंडूच्याच कुळातले. म्हणजे ज्या कुळाच्या पानात आपण तंबाखू भरतो, त्यात ते लोक जेवण बांधतात. तेथे गावागणिक एकेक घास ठरलेला असून आगगाडीच्या फलाटावरसुद्धा त्या त्या मुलखाचा डबा मिळतो, हे सांगताना त्याचा कंठ दाटून आला. ‘मग काका, महाडचा घास कोणता?’ असे मागच्या आसनावरून एका उपाशी मुलीने विचारले. अन्नाधिकारी क्षणभर थबकला आणि म्हणाला, ‘मिसळ.’

प्रश्न रास्त होता, आणि उत्तर पाट्यांवर नव्हते. पाट्यांवर पंजाबी होते, चायनीज होते, आणि जेथे काहीच नव्हते तेथे दोन्ही होते. या तालुक्यांतल्या घराघरांत वालाचे बिरडे शिजते, तांदळाच्या उकडीची भाकरी थापली जाते, पहिल्या पावसात ओढ्यांतून चढणीचे मासे येतात. पण पाहुण्यापुढे ठेवण्याजोगे हे नव्हे अशी समजूत करून घेऊन आपल्या लोकांनी ते चुलीपाशीच दडवले आहे, आणि पाहुणाही असा की त्याला पनीर मागितल्याखेरीज सहलीला आल्यासारखे वाटत नाही. महाडात ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्याचा हक्क 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करून बजावावा लागला, त्या गावच्या वेशीवर आमचे अन्नाधिकारी बाटलीतले पाणी कोणत्या कंपनीचे घ्यावे यावर पाव तास खल करीत होते. या खलात रायगडाचा रस्ता डाव्या हातास निघून गेला. ‘हरकत नाही,’ ते म्हणाले, ‘आलोच आहोत तर कशेडीलाच जेवू. तिथला वडा...’

पोलादपूर न थांबता गेले. अन्नाधिकारी डोळे मिटून, प्रत्येक वळणाची पूर्वसूचना देण्याच्या तयारीत बसले. परंतु वळण येईना. 2023 च्या गणेशोत्सवात कशेडीच्या बोगद्याची एक बाजू हलक्या गाड्यांस खुली झाली असून, पूर्वी ज्या घाटात अर्धा-पाऊण तास मोडे, त्याच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटर सरळ जाऊन माणूस पलीकडे निघतो, ही वार्ता सारथ्यास होती, त्यांच्या दप्तरी मात्र तिची नोंद झालेली नव्हती. डोळे उघडले तेव्हा डोक्यावर दिव्यांची रांग होती. आणि उजेडात आलो तेव्हा आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात होतो. अख्खा रायगड जिल्हा आम्ही उपाशीपोटी पादाक्रांत केला होता.

‘भरण्याच्या नाक्यावर...’ एवढेच ते बोलले असतील, तोच मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. ‘अहो, पुरे. ड्रायव्हरदादा, गाडी फिरवा, आणि पोलादपुरात जे पहिलं उघडं दिसेल तिथं थांबवा.’ खालसा झालेल्या संस्थानाचे अधिपती जसे मुकाट्याने राजधानी सोडतात, तसे अन्नाधिकारी आसनात मागे सरकले.

पहिले उघडे दिसले ते एका बाईंचे, पत्र्याच्या छपराचे, पाटीवाचून चालणारे. ‘मच्छी संपली,’ त्या म्हणाल्या, ‘बिरडं हाय. भाकऱ्या टाकते. बसा.’ परातीत उकड मळली गेली, पाण्याचा हात फिरला, आणि तव्यावरची भाकरी फुगून तिचा पापुद्रा सुटला, तशी सर्वांची संभाषणे बंद झाली. बिरड्यात वाल अखंड होते, आमसुलाचा आंबटपणा खोबऱ्याच्या मागून हळूच येत होता. अन्नाधिकाऱ्यांनी पहिल्या भाकरीस ‘वाल जरा कडसर’ असा आक्षेप नोंदविला, दुसरीस तो मागे घेतला, आणि तिसरी ताटात पडेपर्यंत ते बाईंना ‘मावशी’ म्हणू लागले होते. रायगडाचे नाव कोणीच काढले नाही. ऊन उतरू लागले होते, आणि परतीचा रस्ता मध्ये होता.

पुढल्याच आठवड्यात, कचेरीतल्या दुसऱ्या एका टोळक्यास ते प्रतापगडाच्या सहलीविषयी मार्गदर्शन करीत असल्याचे मी ऐकले. पोलादपुरात आपण एक जागा शोधून काढली आहे, तिला पाटी नाही, आणि ती कोणास सापडत नाही. सबब पनवेलपासून तेथपर्यंत कोणीही काहीही, चहासुद्धा, घ्यावयाचा नाही, असा त्यांचा हुकूम सुटला होता.