हिरव्या डब्यात गहू, निळ्या डब्यात ज्वारी

सातारा-सांगलीकडची गावं वर्षातून दोनदा लख्ख होतात. एकदा ग्रामदैवताच्या जत्रेला आणि एकदा तपासणी समितीला. जत्रेची तारीख पंचांगात सापडते, समितीची पंचायत समितीच्या पत्रात. देव कधी कोपेल ते सांगत नाही, म्हणून लोक त्याला भितात. समिती आधी कळवून येते, म्हणून तिचा सत्कार करतात.

पत्र आलं की गावाला जाग येते. शाळेच्या भिंतीवर पृथ्वीचा गोल काढला जातो. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो. चावडीमागचा कचऱ्याचा ढीग रात्रीतून ट्रॉलीत भरून ओढ्यापलीकडे जातो, कारण पलीकडची हद्द शेजारच्या गावाची. शेजारच्या गावात समिती पुढच्या आठवड्यात असते, तेव्हा तोच ढीग परत इकडे येतो. साखर कारखाने आणि दूध संघ उभे करणारा हा मुलूख. सहकार आपल्या रक्तातच आहे.

ज्या अभियानामुळे ही समितीची परंपरा रुजली, त्याला नाव गाडगेबाबांचं आहे. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ऊर्फ आबा ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ मध्ये त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. कल्पना फार हुशार होती. सरकारने खर्च उचलायचा नाही, बक्षीस ठेवायचं. गावाने श्रमदान करायचं आणि शेजारच्या गावाशी चुरस लावायची. मराठी माणूस स्वच्छतेसाठी उठेलच असं नाही, पण शेजारचं गाव पुढे जातंय म्हटल्यावर तो पहाटे चारला खराटा घेऊन बाहेर पडतो, हे आबांनी बरोबर ओळखलं होतं. त्या वर्षांत गावंच्या गावं खरोखर बदलली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

फक्त एक गोष्ट उलटी झाली. गाडगेबाबा गावात यायचे ते न कळवता, आणि आल्या आल्या स्वतः झाडायला लागायचे. आज त्यांच्या नावाने येणारे साहेब कळवून येतात, आणि गाव आधीच झाडून ठेवलेलं असतं. बाबांच्या डोक्यावर गाडगं असायचं, साहेबांच्या डोक्यावर फेटा असतो. मग स्वच्छतेचा संदेश देणाऱ्या दहा बाय वीसच्या फ्लेक्ससमोर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ देऊन, प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी पाजून त्यांचा सत्कार होतो आणि विषयपत्रिकेप्रमाणे प्लॅस्टिकमुक्तीची शपथ घेतली जाते.

त्या फ्लेक्सचं पुढे काय होतं, म्हणून विचारता? कार्यक्रम संपला की रात्रीत तो नाहीसा होतो आणि आठवड्याने कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर दिसतो. त्यावरचे नेते हात जोडून वळिवाचा पाऊस अंगावर झेलत असतात. शेतकऱ्यासाठी त्यांनी केलेलं हे सर्वांत ठोस काम. पुनर्वापराचा याहून चांगला नमुना माझ्या तरी पाहण्यात नाही, पण अहवालात त्याला रकाना नाही.

अहवालात रकाना असतो तो डब्यांना. घरटी दोन डबे: हिरवा ओल्या कचऱ्याला, निळा सुक्याला. कुठल्याही गावातला प्रसंग डोळ्यांपुढे आणा.

‘‘आजी, ओला कचरा कुठाय तुमचा?’’ साहेब विचारतात.

‘‘म्हशीनं खाल्ला की.’’

‘‘आणि सुका?’’

‘‘पाणी तापवायच्या चुलीत गेला सकाळीच.’’

‘‘मग हे डबे वापरता की नाही?’’

‘‘वापरतो तर! हिरव्यात गहू, निळ्यात ज्वारी. एक दाणा हिकडचा तिकडं न्हाई.’’

साहेब लिहून घेतात : वर्गीकरण शंभर टक्के.

आजीने सांगितलं त्यातलं पहिलं उत्तर सोन्याचं आहे. भाजीची देठं, शिळी भाकरी, उष्टं हे गावात कधी कचरा नव्हतंच. ते म्हशीच्या पाटीत, तिथून उकिरड्यात आणि उकिरड्यातून रानात जायचं. नेसून विटलेलं लुगडं वाकळेत शिवलं जायचं. जे वाकळेतही बसत नसे, ते बोहारीण भांड्यावर घेऊन जायची. राखेने भांडी घासली जायची. याच उकिरड्याला शिस्त लावत यवतमाळच्या पुसदकडचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी पालापाचोळा, शेण आणि चाळलेली माती थरांनी भरून खत करण्याचा हवेशीर विटांचा हौद बसवला, तो नाडेप म्हणून गावोगाव गेला. आज बऱ्याच ग्रामपंचायतींच्या आवारात तो दिसतो. त्यावर पाटी असते, योजनेचं नाव असतं, रक्कम असते. आत शेळी बांधलेली असते. लेंड्या आतच पडतात, त्यामुळे खत होत नाही असंही म्हणता येत नाही.

पण म्हणून जुनं ते सगळं थोर, असा गळा काढायचं कारण नाही. ती काटकसर गरिबीची होती आणि तिचं सगळं ओझं घरातल्या बाईच्या डोक्यावर होतं. शेणाची पाटी पुरुषाने उचललेली कुणी पाहिली असेल तर कळवावं, त्याचा फ्लेक्स लावू.

आजीचं दुसरं उत्तर मात्र विषारी आहे. चुलीत गेलेल्या सुक्या कचऱ्यात वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या असतात. त्याचा धूर आधी आजीच्या छातीत जातो आणि मग वातावरणात. तरीही मी आजीला दोष देणार नाही, कारण तिने ती पाकिटं द्यायची कुणाला?

इथे आपल्या भागातल्या एकमेव जाणकार कचरातज्ज्ञाला विचारू. तो समितीवर नसतो, हातगाडीवर किंवा टेम्पोत असतो, आणि आपण त्याला भंगारवाला म्हणतो. लोखंड, पत्रा, पुठ्ठा, बाटल्या, ठिबकच्या जुन्या नळ्या हे तो पैसे मोजून नेतो. या वस्तूंसाठी कुठल्याही गावाला अभियान करावं लागलेलं नाही. उलट रात्री राखण करावी लागते. पण अनेक थरांच्या चकचकीत पाकिटाला तो हात लावत नाही. ते वजनात भरत नाही आणि वितळवून पुन्हा कामाला येत नाही. तात्पर्य, ज्या कचऱ्याला भाव आहे तो गावात टिकत नाही आणि ज्याला भाव नाही तो गावातून हलत नाही. सगळ्या योजना, सगळे डबे आणि सगळे नारे या एका वाक्यापाशी येऊन थांबतात.

आता सरकारी भाव पाहा. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत देण्याचं ठरलं. गाव त्याहून मोठं असेल तर माणशी ४५. तीन हजार वस्तीच्या गावाला झाले एक लाख ऐंशी हजार. त्यात घंटागाडी घेतली तर शेड राहते, शेड बांधली तर गाडी. वर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ३० टक्के हिस्सा स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता, पण कचरा उचलल्याचं उद्घाटन करता येत नाही, गटाराचं करता येतं. प्लॅस्टिकवर प्रक्रिया करायला तालुक्याला एक केंद्र, त्यासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद. साताऱ्याचे ११ आणि सांगलीचे १० तालुके धरले तर केंद्रं २१. जतसारख्या पसरलेल्या तालुक्यात टोकाच्या गावाने पाकिटं भरून ट्रॉली काढली, तर डिझेल मालापेक्षा महाग पडेल. ट्रॉली भरलेली दिसेल, काट्यावर मात्र काही चढणार नाही.

बंदी आहे, ती वेगळीच. राज्याने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटं बंद केली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. देशभरात एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर जुलै २०२२ पासून बंदी आली. आठवडी बाजारात याचा परिणाम दिसतो: पिशवी मागितली की विक्रेता आधी डावीउजवीकडे बघतो, मग देतो. पळसाच्या पानांची पत्रावळ मात्र लग्नातून गेली ती गेलीच. तिची जागा थर्माकोलने घेतली, थर्माकोलची चकाकी लावलेल्या कागदाने. तीन प्रकारांत बदल एवढाच की पहिली गाय खाऊ शकत होती.

आणि घरातल्या पाकिटांचा हिशेब मांडत असताना शिवाराकडे बघू नये, असा आपला अलिखित ठराव आहे. उसाचं पाचट एकरी तीन-चार टन निघतं. खोडव्याच्या सरीत ठेवलं तर ते कुजून जमिनीला खत होतं, ओल धरतं, तण दाबतं. आपण काडी लावतो. मग राखेवर उभं राहून खताच्या गोणीचा दर वाढला म्हणून सरकारला शिव्या देतो. काही शेतकरी आता पाचट राखतात. शेजारी त्यांना आळशी म्हणतात. महाबळेश्वर-वाईकडे स्ट्रॉबेरीच्या बेडवर अंथरलेला मल्चिंग पेपर हंगाम संपला की बांधावर फडफडतो, आणि तासगावच्या द्राक्षबागांत औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओढ्याची वाट धरतात. हे सगळं कुठल्या डब्यात टाकायचं, हिरव्या की निळ्या?

आपल्याला जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत २०२० साली देशात पहिलं कऱ्हाड आलं, २०२२ साली पाचगणी. दोन्ही साताऱ्यातली. दोन्हीकडे गाडी रोज येते, हेच त्यातलं गुपित. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास गावाने टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. ज्या माणसाने मालिकेचा भाग सोडला, तो पाकीट वेगळं ठेवणार नाही? ठेवेल. पण भोंगा रोज वाजायचा, आणि घंटागाडीची घंटा समितीच्या आधी चार दिवस वाजते. ज्या घरात दोन वेळा कचरा वेगळा केला आणि दोन्ही वेळा तो एकाच ट्रॉलीत एकत्र पडलेला पाहिला, त्या घराला तिसऱ्यांदा प्रबोधन करायला जाऊ नये. जायचंच असेल तर हेल्मेट घालून जावं.

राहता राहिला तो, ज्याने हे पाकीट गावात पाठवलं. प्लॅस्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली आणि २०२२ च्या सुधारणेने तिला प्रमाणपत्रांची बाजारपेठ जोडून दिली. म्हणजे कंपनीने दुसरीकडे कुठेतरी तेवढं प्लॅस्टिक प्रक्रिया झाल्याचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं, की तिची जबाबदारी पूर्ण. प्रमाणपत्र पोर्टलवर जमा होतं, पाकीट पलूसच्या ओढ्यात. दोघांची भेट होत नाही. पाच रुपयांचं पाकीट दुर्गम वाडीतल्या टपरीपर्यंत न चुकता पोहोचवणाऱ्या कंपन्यांना ते रिकामं परत नेण्याचा रस्ता तेवढा सापडत नाही, हे आश्चर्य आपण मुकाट्याने गिळतो आणि दंड टपरीवाल्याला करतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी समिती आली की भिंत रंगवू नका. ग्रामसभा २६ जानेवारीला असते, १ मेला असते, १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरलाही असते. कोरम नसला तरी तहकूब सभेला जा आणि तीनच गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या गावचा सुका कचरा शेवटी कुणाच्या दारात जातो, हे ग्रामपंचायतीने जागेच्या नावासकट सांगावं. गाडी आठवड्यातून कोणत्या वारी येणार, ते चावडीवर लिहावं. आणि भंगारवाला नेत नाही त्या पाकिटांचा वर्षाचा ढीग साठवून, कंपन्यांच्या नावानिशी यादी करून, तो उचलून नेण्याची मागणी ठरावाने जिल्हा परिषदेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावी. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर ढीग ग्रामपंचायतीच्या दारातच राहू द्या, ओढ्यापलीकडे नेऊ नका.