सौ. एडीस बाईंना अनावृत पत्र

प्रति,
सौ. एडीस इजिप्ती,
मु. पो. विद्यानगर, हैदराबाद

स. न. वि. वि.

20 ऑगस्टला जागतिक डास दिन असतो. त्याबद्दल आपलं अभिनंदन. 1897 साली याच तारखेला इथे बेगमपेटला रोनाल्ड रॉस साहेबांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. तो डास आपल्या ॲनॉफिलीस जाऊबाईंपैकी, पण नाव घराण्याचं झालं. हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चावून घेण्याबद्दल साहेब डासामागे एक आणा देत. आम्ही आजवर फुकट चावून घेतोय, तेवढं ध्यानात असू द्या. साहेबांना 1902 साली नोबेल मिळालं. आमच्या शेजारी, नल्लाकुंट्याला, त्यांच्या नावाचा सरकारी तापाचा दवाखाना आहे; लोक त्याला अजून कोरंटी, म्हणजे क्वारंटाइनच म्हणतात.

आपण वस्तीला जागा मात्र नामी निवडलीत. उस्मानिया विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, गल्लीबोळांत कोचिंग क्लास, त्यांच्या आसपास हॉस्टेलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं इथे येतात, कुणी ग्रुप-वनच्या सरकारी परीक्षेसाठी, कुणी पोलीस भरतीसाठी. डेंग्यू कोणत्या डासामुळे होतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा! दिवसा चावतो, स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, हेही तोंडपाठ. हे पाठांतर चालतं त्याच खोलीबाहेर जिन्याखाली निळा ड्रम असतो. मग्गा बुडवला की आपली लेकरं वळवळत तळाला जातात, आणि जरा वेळाने पुन्हा वर येऊन डोकं खाली करून लटकतात.

ड्रम का, असं आपण विचारणार नाही; आपल्याला ठाऊक आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येतं. ज्याच्या गच्चीवर झाकणाची टाकी आहे त्याचं भागतं, बाकीच्यांनी बादल्या भरायच्या. 2020 मध्ये सरकारने ‘दर रविवारी दहा वाजता दहा मिनिटं’ अशी मोहीम काढली: घरातलं साठलेलं पाणी ओतून टाका. कल्पना चोख होती, कारण अंड्यातून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. पण रविवारी दहाला क्लासची ग्रँड टेस्ट असते! शिवाय ओतलेलं पाणी पुन्हा आणायचं कुठून, हे मोहिमेत नव्हतं. मग धुराची गाडी येते. धुराने उडते डास मरतात, ड्रममधली बाळं सुखरूप राहतात. तरी धूर मतदाराला दिसतो, अळी दिसत नाही.

इथल्याच दुर्गाबाई देशमुखांच्या नावाच्या इस्पितळावरून मी रोज जातो. त्यांचे यजमान चिंतामणराव देशमुख यांच्यामुळे आम्हा मराठी मंडळींना त्या जरा जास्तच आपल्या वाटतात. त्यांच्या आंध्र महिला सभेने शाळाही काढल्या आणि दवाखानेही. आता एकूणच शाळा गाईड छापणाऱ्यांकडे गेली आणि दवाखाना बिल छापणाऱ्यांकडे; दोघांची गाठच पडत नाही.

परिणाम बघा. पोराला ताप भरतो, तो दुकानातून गोळ्या आणतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला की सुटलो म्हणून पुस्तक उघडतो. डेंग्यूत ताप उतरतानाचेच एक-दोन दिवस जपायचे. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक दवाखाना गाठायचा. हे एकाही गाईडात ‘अतिमहत्त्वाचे’ म्हणून अधोरेखित नाही. आपलं शास्त्रीय नाव मात्र अधोरेखित आहे.

तेव्हा विनंती एवढीच: भरतीची जाहिरात निघाली की परीक्षा होईपर्यंत जरा रजेवर जा. पुढची जाहिरात कधी निघेल ते सरकारलाही सांगता येत नाही, आणि आईबापांनी त्या पोराच्या हॉस्टेलचे पैसे व्याजाने काढलेत.

आपला,
विद्यानगरातला एक भाडेकरू