मूठ पाहू नोको, पाठ पाह्य

तेल्हाऱ्याला आमच्या मामांकडे जाताना दोन गोष्टी घरी ठेवून जाव्यात : घाई आणि जुनं लोखंड. विळा असो, अडकित्ता असो, मामा तो घेऊन खिडकीशी जातात, चष्मा कपाळावर चढवतात, पात्यावर तोंडाची वाफ सोडतात आणि ती विरेपर्यंत चकार शब्द बोलत नाहीत. मग म्हणतात, "मूठ पाहू नोको राज्या, पाठ पाह्य!"

पाठ म्हणजे पात्याची धार नसलेली कड. म्हणणं खोटं नाही. पातं पिढ्यान् पिढ्या टिकतं. मूठ सैल होते, मोडते, नाहीतर नव्या मालकाला आवडत नाही. पातं विलायतचं, मूठ मराठी, वरची सोन्याची नक्षी तिसऱ्याच काळातली, असंही होतं. मामा एकेका तलवारीचे तीन-तीन जन्मदाखले काढतात.

एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार 47.15 लाखांना सोडवून घेतली, तेव्हापासून तर मामांपुढे बोलायची सोय उरली नाही. पातं युरोपी, मूठ मुल्हेरी आणि भोसल्यांचं नाव सोन्याच्या देवनागरी अक्षरांत कोरलंय ते बरोबर पाठीवर! पेपरातलं ते कात्रण आता देवघरात गजानन महाराजांच्या शेजारी आहे. मामींनी एकदा हलवलं होतं. एकदाच.

काळ सांगताना मात्र मामांची गाडी एकाच स्टेशनावर थांबते. 29 नोव्हेंबर 1803 ला आमच्याच तालुक्यातल्या अडगावला वेलस्लीनं भोसले-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच हा. त्यामुळे या भागात कोणाच्याही माळ्यावरून काहीही निघो, ते अडगावचंच. "मामा, लोकांजवळ तलवारी त्याच्या आधीही असतील ना?" असं मी एकदा विचारून बसलो. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा आला.

परवा मावसभावानं बालीहून क्रिस आणली. ही तिकडची नागमोडी पात्याची कट्यार. हिची वळणं विषमच असतात, हे मामांना तोंडपाठ. मोजली तर चौदा भरली. मामांनी टोकाकडून परत मोजली, तेरा आली. "हे पाह्य, अस्सल!" भावानं म्यानावरचं किमतीचं स्टिकर दाखवलं. मामांनी तेही भिंगातून पाहिलं आणि निकाल दिला, "पातं जुनं हाय. स्टिकर नंतरचं."

पण खरी कमाल झाली चुलतबहिणीच्या लग्नात. वरात मांडवाच्या दारात आलेली, नवरदेवाच्या हातात कट्यार, टोकाला निंबू. मामा पुढे झाले. आम्हाला वाटलं गळाभेट घेतील. त्यांनी निंबू उपटून घेतलं. "थांबा ना बापा, काहून घाई करता?" निंबाच्या रसानं पात्यावर लाटांसारख्या रेघा उठल्या होत्या. मामांचा आवाज कापत होता : दख्खनच्या जुन्या पोलादात असा जौहर असतो, अन् आंबट लागलं की तो उघडा पडतो. जावातही क्रिस निंबाच्या रसानंच धुतात, हे त्यांनी नवरदेवाच्या आजोबांना भर उन्हात समजावून सांगितलं. शेवटी कट्यारीचा मालक म्हणजे बँडवाला आला. त्याच्या मते तो मागच्या सीझनच्या निंबाचा डाग होता. मुहूर्त गेला तो गेलाच. मामा घरी येईपर्यंत म्हणत होते, "त्याले काय समजते, तो बँडवाला हाय."

एवढ्या माणसाकडे स्वतःच्या किती तलवारी असाव्यात? एक. पणजोबांची. दसऱ्याला तेवढी बाहेर येते. तिच्यावर हळदीकुंकवाचे इतके थर चढलेत, की पाठ तर सोडाच, पातंही धड दिसत नाही. गेल्या दसऱ्याला मी भिंग पुढे केलं, म्हटलं, मामा, हिचा काळ सांगा. त्यांनी भिंग बाजूला ठेवलं, तलवारीला झेंडूचं फूल वाहिलं.

"हे घरची हाय," म्हणाले.