दोन्ही देशांचा, कुणाचाच नाही

चलथाणच्या साखर कारखान्यात ऊस गुजरातचा, तो तोडणारे बरेचसे हात खानदेशातले. निर्मिती संयुक्त, करार कसला नाही, आणि पोत्यावर नाव एकाच मंडळीचं.

चित्रपटवाल्यांचं मात्र रीतसर असतं. भारताने फ्रान्स, ब्रिटन, इटली, जर्मनी, कॅनडा, चीन अशा देशांशी सहनिर्मितीचे करार केलेत. बऱ्याच करारांत प्रत्येक देशाचा वाटा किमान 20 टक्के लागतो. अटी पाळल्या की चित्रपट दोन्हीकडे 'देशी' ठरतो, दोन्हीकडच्या सवलतींना पात्र होतो. दोन माहेरं असलेली सून म्हणा ना.

पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'लाही भारत-फ्रान्स कराराखाली हाच मान मिळाला. चित्रीकरण मुंबई आणि रत्नागिरीत. 2024 मध्ये कानला ग्रां प्री मिळाली, तेव्हा सरकारने कराराची आठवण करून देत अभिनंदन केलं. मग ऑस्करची वेळ आली. आमच्या फिल्म फेडरेशनला हा भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला. त्यांनी 'लापता लेडीज' पाठवला. फ्रान्सने कपाडियांचा चित्रपट अंतिम यादीत घेतला खरा, पण पाठवला 'एमिलिया पेरेझ'. तो तरी कुठला? मेक्सिकोत घडणारा, बराचसा स्पॅनिश बोलणारा.

म्हणजे परदेशी वाटणं हा गुन्हा फक्त आमच्याकडे. रत्नागिरीचा समुद्र युरोपीय दिसतो, हे कोकणी माणसाला आधी कळलं असतं तर जमिनी अशा स्वस्तात गेल्या नसत्या.