विकतचा आवाज

पुण्याहून दापोलीला जायला ताम्हिणी आहे, महाबळेश्वर-पोलादपूर आहे, आणि ज्यांना वाटेत भजी खायची आहेत त्यांच्यासाठी भोरवरून वरंधा घाट आहे. आमच्या मेहुण्याने वरंधा निवडला, पण भज्यांसाठी नव्हे. "दाजी, घाटातच कळतं इंजिनात काय केलंय ते," तो म्हणाला. मागच्या सीटवर मी होतो, माझ्या मांडीवर त्याच्या पान्यांची पिशवी होती, आणि इंजिनात काय केलंय हे मला खेड-शिवापूरच्या आधीच कळायला लागलं होतं.

गाडी 1972 सालची बुलेट. मद्रासच्या कारखान्यातून निघाली तेव्हा ती 346 सीसीची, बिडाच्या सिलिंडरची, चार गिअरची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक अशी सरळमार्गी गाडी होती. मेहुण्याने तिला आधुनिक करायचं मनावर घेतलं. आत रेसिंगचा कॅम घातला, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा घातल्या, मोठा कार्ब्युरेटर लावला, आणि बाहेर असा सायलेन्सर लावला की ज्यातून हात घातला तर पलीकडे निघावा. एवढं झाल्यावर त्याने आरटीओत चौकशी केली की गाडीला 'व्हिंटेज'ची ती खास 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळेल का. केंद्राने 2021 साली नियम केला आहे: गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार नको. म्हणजे पन्नास वर्षं गाडीने गप्प बसून जी पात्रता मिळवली, ती मेहुण्याने एका शनिवार-रविवारात घालवली. शिवाय तो नियम अशी गाडी रोजच्या वापराला काढू देत नाही. फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती. त्यातलं दुरुस्तीचं कलम तेवढं आम्ही कसोशीने पाळत होतो.

आवाज असा होता: उजवीकडून, गुडघ्याच्या पातळीवरून, टिक-टिक-टिक. बुलेटच्या ढमढमीखाली आधी तो लपला होता. कापूरहोळला फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा चांगलाच वर आला.

बुलेट चालू ठेवून उभी केली की महाराष्ट्रात कुठेही माणसं गोळा होतात, आणि येणारा प्रत्येक जण आधी मान तिरकी करतो. टपरीवाल्याने दूध ओतता ओतता सांगितलं, "टॅपेट वाजतंय." ट्रकचा क्लीनर म्हणाला, "पिस्टन ढिला झालाय, बोअरला द्या." एसटीची वाट बघणारे एक गुरुजी म्हणाले, "आमच्या थोरल्या बंधूंची होती. विकली." हे निदान नव्हे, पण सर्वांनी गंभीरपणे माना हलवल्या. भोरला एक जुन्या येझदीवाले भेटले. त्यांनी टॅपेट कसं बसवावं हे चौकात उभं राहून इतकं रंगून सांगितलं, की मागे वाहतूक अडली. जुन्या येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे टॅपेटही नसतं. अनुभवाची अडचण नसली की सल्ला कसा मोकळेपणाने देता येतो!

मेहुण्याचा मात्र शास्त्रावर विश्वास. नीरा देवघरच्या पाण्याकाठी रस्ता जरा मोकळा लागला तशी त्याने गाडी बाजूला घेतली आणि माझी शिकवणी सुरू केली. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणून खालचा आवाज, म्हणजे कनेक्टिंग रॉडचा, दर फेऱ्याला येतो. व्हॉल्व्हचा आवाज एक फेरा सोडून येतो, जरा आळसावलेला. पिस्टनचा आवाज गाडी थंड असताना मोठा आणि तापली की कमी. आमचा तर चढावर वाढत चालला होता, म्हणून क्लीनरचं मत बाद झालं. मग मी मांडीवर ताल धरायचा आणि त्याने इंजिनाचे फेरे मोजायचे, असं ठरलं. टिक एक फेरा सोडून येत होती. "बघा! व्हॉल्व्हच!" मेहुणा आनंदला. गाडी बिघडल्याचा आनंद मी प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो.

पुढची परीक्षा लाकडी मुठीच्या लांब डिसमिसची. टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला. हा मिस्त्री लोकांचा स्टेथोस्कोप; फक्त डॉक्टरच्या स्टेथोस्कोपखालचा पेशंट तापलेल्या बिडाचा नसतो आणि तो सारखा उड्याही मारत नाही. मेहुण्याने रॉकरवर टोक ठेवलं, टायमिंगच्या झाकणावर ठेवलं, खाली टॅपेटच्या झाकणावर ठेवलं. ध्यान लागल्यासारखे डोळे मिटलेले. तेवढ्यात एक सुमो थांबली. त्यातली मंडळी शिवथरघळीला निघाली होती, जिथे समर्थांनी दासबोध सांगितला असं मानतात. त्यांतल्या एका आजींनी मेहुण्याकडे कौतुकाने पाहून मला विचारलं, "हे काय करतायत हो?" दासबोधात नवविधा भक्तीची सुरुवात श्रवणापासूनच होते. मी तेवढंच सांगितलं आणि आजींनी हात जोडले.

"सगळीकडूनच येतंय," मेहुणा डोळे उघडून म्हणाला.

वाघजाईच्या देवळाजवळ भज्यांच्या टपऱ्या आहेत. तिथे त्याने शेवटचा उपाय काढला: टॅपेट उघडून बघायचं. हे काम गाडी थंड असतानाच करायचं असतं, कारण लोखंड तापून वाढलं की फटीचा हिशेब चुकतो. आणि बिडाचं सिलिंडर थंड व्हायला जो वेळ लागतो तो घाटातल्या कांदाभज्यांचा धंदा वाढवण्यासाठीच ठेवलेला असावा. आम्ही भजी मागवत गेलो. मेहुणा मधूनमधून सिलिंडरला बोट लावून येई आणि भज्यावालीला सांगे, "मावशी, अजून एक." खाली दरीत ढग उतरत होते, समोर कड्यावरून पावसाळ्याची उरलेली धार गळत होती. पण मेहुण्याची पाठ दरीकडे होती.

शेवटी झाकण उघडलं. जुन्या बुलेटमध्ये हे एक मात्र सोपं आहे. उजव्या बाजूला खाली एक झाकण, एकाच नटावर. आत शेजारी शेजारी दोन पुशरॉड. पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पुशरॉड चिमटीत धरून फिरवायची. सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. रेसिंगच्या कॅमला केसभर जास्त फट ठेवतात. बनवणारेच तसं सांगतात. साध्या कॅमच्या उंचवट्याला सुरुवातीला हलकासा उतार असतो, तो आधी फट हळूच मिटवतो आणि मग व्हॉल्व्ह उचलतो. रेसिंगच्या कॅमला एवढा संयम नाही, तो एकदम हाणतो. म्हणजे थोडी खटखट मेहुण्याने रोख पैसे मोजून घेतलेली होती.

त्याने पुशरॉड फिरवल्या. मलाही फिरवायला लावल्या. तेलाने माखलेली ती कांडी चिमटीत इतकी सुरेख फिरत होती की मला उगीचच मायेचं भरतं आलं. टॅपेटमध्ये काही दोष नव्हता. मेहुण्याचा चेहरा उतरला.

दुसऱ्या थाळीच्या तळाशी मिरची चावताना त्याला सुचलं: एक फेरा सोडून येणारी गोष्ट फक्त व्हॉल्व्हच नसते. धूरही एक फेरा सोडूनच बाहेर पडतो. "दाजी, उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून चावी बंद करायची. इंजिन चाकाने फिरेल, व्हॉल्व्ह वाजतील, पण स्फोट होणार नाही. टिक राहिली तर व्हॉल्व्ह. गेली तर धूर." युक्ती बिनतोड होती. फक्त त्याने नवं वायरिंग असं केलं होतं की चावी बंद झाली की हॉर्नही बंद. म्हणून वरंधा घाटाच्या वळणांवर हॉर्नचं काम माझ्याकडे आलं. मी "ओ! ओ! सांभाळा!" असं ओरडत उतरत होतो आणि मेहुणा मान तिरकी करून ऐकत होता.

खटखट चालू राहिली. टिक नाहीशी झाली.

"धूर!" मेहुणा ओरडला आणि त्या आनंदात त्याने चावी परत चालू केली. एवढा वेळ कार्ब्युरेटरमधून झिरपलेलं पेट्रोल न जळता गरम सायलेन्सरमध्ये जाऊन बसलं होतं. असा बार उडाला की कठड्यावरची माकडं कठडा सोडून गेली, आणि टिक-टिकच्या जागी आमच्या उजव्या पायापाशी तोफखाना सुरू झाला. या बुलेटचा बेंड पाईप हेडमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो. नवा सायलेन्सर जड, त्याला धरणारी पट्टी मेहुण्याने 'लूक'साठी काढून टाकलेली. पाईप हेलकावे खात आधीच सैल झाला होता, आता अर्धा बाहेर आला.

महाडला शिरताना आम्हाला गॅरेज विचारावं लागलं नाही. मिस्त्री आवाज ऐकून आधीच रस्त्यावर येऊन उभे होते. त्यांनी हेडच्या तोंडावर जमलेली काळीकुट्ट काजळी अंगठ्याने पुसून दाखवली. ती सकाळपासून तिथेच असणार. दिवसभर आम्ही ऐकत होतो, पाहिलं कोणीच नव्हतं. बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी पाईपाला गुंडाळून त्यांनी तो ठोकून बसवला, जुन्या पट्टीच्या जागी नवी पट्टी ठोकली आणि किक मारली.

"अजून जरा खटखट आहे," मेहुणा म्हणाला.

"कॅमची आहे. जुना घाला, जाईल."

मेहुण्याने कॅमची किंमत सांगितली. मिस्त्रींनी आदराने मान हलवली आणि पाने गोळा केले.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. मी मेहुण्याच्या हातात दिला. "पोचतो गं ताई, जेवायला दापोलीला," तो म्हणाला. "टॅपेट नव्हतं. पाईप होता... आता? आता येतो थोडा आवाज, पण तो आपलाच आहे."