स्वप्नातली नोकरी : निवड, निगा आणि नेमणुकीची तारीख

"काहीही शक्य असतं, तर तुम्ही काय झाला असता?" हा प्रश्न हल्ली कुठेही अंगावर येतो. ऑफिसच्या सहलीत भेंड्या संपल्या की येतो, मुलाखतीत येतो, आणि मुलगी बघायला गेलेल्या मुलाला 'तुम्ही दोघं जरा बोला' म्हणून गच्चीवर पाठवलं की तिथेही येतो. बेसावध माणूस "आहे तिथेच बरा आहे" म्हणून मोकळा होतो आणि समोरच्याच्या मनातून कायमचा उतरतो. असं होऊ नये, सुशिक्षित माणसाकडे सांगण्याजोगी एक तरी स्वप्नातली नोकरी तयार असावी, एवढ्याचसाठी हे मार्गदर्शन.

पहिला नियम पाठच करावा. स्वप्नातली नोकरी बाळगायची असते. करायला जाऊ नये. त्यामुळे जिची भरती निघते ती नोकरी स्वप्नासाठी बाद. 'एकूण पदे', 'परीक्षा शुल्क', 'साक्षांकित प्रती' आणि 'नॉन क्रिमीलेयर' यांतला एकही शब्द जवळपास दिसला की ते स्वप्न तिथेच सोडून उठावं.

नवशिक्यांची पहिली पसंती दीपगृहाला असते. समुद्र, एकांत, पुस्तकं, वर फिरणारा दिवा आणि खाली फेसाळणाऱ्या लाटा. चित्र निर्दोष आहे. उमेदवाराने ते दुरून बघावं, कारण जवळ गेलं की प्रथम दिसतं ते दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालय. दीपगृह केंद्र सरकारच्या बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं आणि सरकार आलं की बदली आली. खांदेरीच्या बेटावर १८६७ पासून दिवा आहे. तिथे एकांत मिळेलही, पण किराणा होडीने येणार आणि पावसाळ्यात होडी येणार की नाही ते दर्या ठरवणार. शिवाय प्रत्येक दीपगृहाची प्रकाश फेकण्याची लय वेगळी असते. त्या लयीवरूनच खलाशी जागा ओळखतो, म्हणून ती चुकून चालत नाही. जुन्या दीपगृहांत भिंगांचा अवजड डोलारा पाऱ्यावर तरंगत फिरे. आपण कादंबरी उघडून बसायचं तिथे पाऱ्याचं भांडं! किनाऱ्यावरच्या कित्येक दीपगृहांत आता संध्याकाळी पर्यटकांना तिकीट लावून वर सोडतात. म्हणजे एकांतासाठी गेलेला माणूस सुटे पैसे मागत बसणार.

तरीही ज्यांना दीपगृहच हवं असेल त्यांनी ते नकाशावर नसलेल्या बेटावर बांधावं.

यानंतर चहा चाखणारा. आपल्याकडे या पदाला उमेदवारांचा तोटा नाही, कारण पात्रता आपोआप आलेली असते असा समज आहे. पद्धत नीट समजून घ्या. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग असते. प्रत्येक कपासमोर कोरडी पत्ती आणि उकळतं पाणी मुरल्यावर फुललेली ओली पत्ती मांडलेली. चहाचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे : शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, आणि सहा मिनिटं. आलं नाही, वेलची नाही, साखर नाही, गप्पा तर नाहीतच. चाखणारा चमच्याने घोट उचलतो आणि मोठ्ठा भुरका मारतो. भुरका जितका कर्कश तितका चांगला, कारण हवेबरोबर चहा टाळूपर्यंत आणि नाकाच्या मागच्या बाजूपर्यंत उडायला हवा. लहानपणी ज्या आवाजाबद्दल आपल्या पाठीत धपाटे बसले, त्याच आवाजाचा इथे पगार मिळतो. इथवर सगळं उत्तम आहे. पण पुढच्या क्षणाला तो घोट बाजूच्या पिकदाणीत थुंकायचा असतो. एक थुंकला की पुढचा कप. लिलावाच्या हंगामात दिवसाला शेकडो कप.

इथे मराठी उमेदवाराची खरी परीक्षा लागते. फुकट मिळालेला चहा थुंकायचा, हे आपल्या संस्कारांत बसत नाही. शिवाय जीभ शाबूत ठेवण्यासाठी कामाआधी कांदा, लसूण, तिखट वर्ज्य. सकाळी लसणीची चटणी नाही, दुपारी ठेचा नाही, आणि घरी आल्यावर बायकोने प्रेमाने पुढे केलेल्या चहाकडे बघून "पत्ती जुनी दिसतेय" असं तोंडातून निघून जाण्याची भीती वेगळीच. हे स्वप्न घ्यायचंच असेल तर 'थुंकण्याची सक्ती नाही' अशी अट आधी लिहून घ्यावी.

आंबा चाखणाऱ्याचं तसंच आहे, फक्त दुःख अधिक. ही नोकरी कल्पनेतली आहे असं पुष्कळांना वाटतं, पण दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या लोकांनी हापूसवर पिढ्या घालवल्या आहेत. हापूसच्या पोटात साका होतो, म्हणजे बाहेरून देखणा आणि आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. कापल्याशिवाय तो कळत नाही. त्यावर उपाय म्हणून नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' आला, आणि रत्ना पुन्हा हापूसला जोडून १९९२ साली 'सिंधु', कागदासारख्या पातळ कोयीचा. हे सगळं कोणीतरी खाऊन बघितलेलं आहे. पण कसं? एकसारख्या फोडी, फोडींना नाव नाही, फक्त क्रमांक. प्रत्येक दोन फोडींमध्ये साध्या पाण्याची चूळ. मग रंग, वास, गोडी, पोत यांना एक ते नऊ गुण. उंबऱ्यावर बसून कोपरापर्यंत रस ओघळू देणाऱ्या माणसाला 'पोत : सात' असं लिहायला लावणं हा अन्याय आहे. आणि बिघडलेला, अर्धा पिकलेला, मुद्दाम फार दिवस ठेवलेला आंबाही तितक्याच निष्ठेने खावा लागतो. उमेदवाराने स्वतःला फक्त पहिल्या पेटीपुरतं नेमून घ्यावं.

माथेरानच्या गाडीचा चालक? चालेल. १९०७ सालची लाइन, दोन फुटी रूळ, झाडीतून वळणं घेत चढणारी गाडी. अतिवृष्टीत रूळ वाहून गेले की गाडी महिनोन्महिने, कधी वर्षांवर वर्षं बंद राहते, ही या नोकरीची सर्वात आकर्षक बाजू समजावी. आणखी खोलात जाऊ नये.

गंभीर उमेदवारांचा मोठा वर्ग मात्र किल्लेदारीकडे वळतो. दर रविवारी पहाटे ट्रेकला जाऊन आलेल्या माणसाला सोमवारी दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये आपण राजगडावर असायला हवं होतं असं वाटतंच. इथे एक सावधगिरी. बखरी वाचू नयेत. वाचल्या की कळतं, शिवकाळात गडावर एकट्याची सत्ता कधी नव्हतीच. हवालदार, सबनीस, सरनोबत. शिवाय धान्य आणि सामानाचा हिशेब ठेवायला कारखानीस. एकाच्या सहीने काही हलायचं नाही. हवालदाराने सांजेला दरवाजे लावायचे, कुलपं स्वतः ओढून बघायची, किल्ल्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायच्या नाहीत. आपण ज्या सूर्यास्ताचा फोटो काढायला चढतो, नेमकी त्याच वेळेची ड्युटी. बदल्या तेव्हाही होत्याच.

आणि वरिष्ठ कोण? चिपळूणजवळच्या छावणीला पाठवलेल्या पत्रात महाराजांनी गवताच्या गंजींजवळ विस्तव नेऊ नका, तंबाखूवाले कोठेही आगटी करतील ते बघा, दिवा जळत ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथवर बजावलं आहे. उंदरापर्यंत ज्यांची नजर पोचते त्यांच्या हाताखाली बुरुजावर पाय सोडून बसायला मिळेल, अशी आशा धरू नये. ज्याला ऑफिसात वेळेवर टाइमशीट भरता येत नाही, त्याने किल्लेदारीचं नुसतं स्टेटस ठेवावं.

आता सध्याचं सर्वात लोकप्रिय आणि सर्वात धोकादायक स्वप्न : कोकणात होमस्टे. धोकादायक एवढ्याचसाठी, की ते शक्य आहे. पुण्यात सॉफ्टवेअरवाला माणूस पन्नाशीच्या आसपास आला की त्याला रात्री माडांची सळसळ ऐकू येऊ लागते. पुढचे टप्पे ठरलेले आहेत. पहिल्या टप्प्यात कळतं की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३. मग आजोळच्या सातबाऱ्याचा शोध सुरू होतो, आणि बावीस वर्षं न भेटलेल्या चुलतमामांना "कसे आहात?" असा मेसेज जातो. मामा हुशार असतात. ते "कोण?" एवढंच लिहितात.

समजा जागा मिळाली. सातबाऱ्यावर एकाची सही हवी असेल तर ती मुंबईत गिरगावला, दुसऱ्याची बडोद्याला आणि तिसऱ्याची त्याच्या मुलीकडे न्यू जर्सीला. समजा तेही जमलं. चिऱ्याचं घर उभं राहिलं, 'निवास व न्याहारी' म्हणून नोंदणी झाली, अंगणात झोपाळा आला. झोपाळ्यावर बसणारा पहिला माणूस आपण नसतो, हे इथे अधोरेखित करावं. पहिला बसतो तो वानर. तो कौलंही काढतो. विहिरीवरची मोटर शनिवारी संध्याकाळी जळते. इतर वारी जळलेली मोटर कोणी पाहिलेली नाही. आणि मोटर सोडवायला येणारा मेकॅनिक "येतंय, येतंय" म्हणतो, त्यात काळ कोणता आहे हे व्याकरणाला उलगडलेलं नाही.

मग पाहुणे. ते जुलैत येतात, कारण जुलैत कोकण हिरवंगार असतं, आणि पायरीवरच विचारतात, "काका, सुरमई ताजी आहे ना?" १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, हे काकांनी हसत हसत सांगायचं असतं. पाहुणे मान डोलावतात. "बरं, मग पापलेट?" त्यांच्यातली आजी एकादशी धरते, नातू फक्त मॅगी खातो, जावयांना वायफाय हवं. काका रात्री अकराला भांडी आवरून ओट्यावर टेकतात. माडांची सळसळ तेव्हा असते खरी. पण काका तिच्यात टाकीचं पाणी वाहतंय का ते ऐकत असतात.

म्हणून ज्यांच्या सातबाऱ्यावर आधीच नाव आहे त्यांनी हे स्वप्न मुळीच बाळगू नये. बाकीच्यांना कलम ६३ चं संरक्षण आहे.

ग्रंथपाल, मांजरांच्या दवाखान्याचे मानद सल्लागार, क्रिकेटच्या निवड समितीतला 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणणारा सभासद, लग्नात फक्त पंगतीचा अभिप्राय देणारा पाहुणा : ही किरकोळ पदं आपापल्या जबाबदारीवर घ्यावीत. ग्रंथपालाबद्दल एवढंच, की त्याला दिवसभर दाखल नोंदवही, वाळवी आणि 'पुस्तक हरवलं' म्हणणारे सभासद वाचायला मिळतात.

निवड झाली की ती लोकांना सांगण्याची रीत. मराठी माणसाला स्वप्न सांगितलं की तो तीन प्रश्न विचारतो. पहिला : "तिथे जेवणाखाणाचं काय?" याचं उत्तर 'डबा येतो' असं ठेवावं, बेट असलं तरी येतो. दुसरा : "घरचे काय म्हणाले?" इथे नुसतं हसावं. तिसरा प्रश्न मात्र उमेदवाराला उघडा पाडतो : "पेन्शन आहे का?"

याची तयारी नसलेले भलेभले इथे गारद झालेले आहेत. वास्तविक उत्तर सोपं आहे. सगळंच शक्य धरलंय, तर नेमणुकीची तारीखही आपल्या सोयीची धरावी. दीपगृह केंद्राचं, तेव्हा तिथे ३१ डिसेंबर २००३ पूर्वी रुजू झालो असं सांगावं. किल्लेदारी आणि आंबा राज्याकडे धरावेत. तिथे ३१ ऑक्टोबर २००५ ही शेवटची तारीख. त्यानंतरची नेमणूक स्वप्नातसुद्धा स्वीकारू नये, नाहीतर जुन्या पेन्शनसाठी २०२३ सालासारखं मार्चच्या उन्हात मोर्चात उभं राहावं लागेल. चहा चाखणारा खासगीत मोडतो, त्याने पीएफवर भागवावं. होमस्टेवाल्याला यातलं काहीच नाही. त्याने बायकोची शिक्षिकेची नोकरी तेवढी स्वप्नातही सोडायला लावू नये.