भावसाहेब

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आत अंधार. सातव्या मजल्यावरच्या आजींनी रामरक्षा सुरू केलेली. तेवढ्यात कोपऱ्यातून शांत आवाज आला, "दहा मिनिटांत सुटतो. साडेसहा." आजींना वाटलं, वेळ सांगतायत. त्या म्हणाल्या, "अगबाई, दिवेलागण झाली की!"

ओळखलंत ना? हेच ते भावसाहेब. आमच्या कोलशेतच्या सोसायटीत यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या बिलावर उरलंय. मोबाइलवर ते 'होय-नाही'चा बाजार खेळायचे. प्रश्न एक, बाजू दोन, दोन्हींचा भाव मिळून दहा रुपये. 'होय' साडेसहाला, तर 'नाही' साडेतीनला. खरं ठरलं तर दहा हातात, खोटं ठरलं तर शून्य. हे गणित एकदा डोक्यात शिरलं आणि मग जगातली कुठलीही गोष्ट त्यांच्याकडून बिनभावाची सुटेना.

सत्यनारायणाला गुरुजी वेळेवर येतील? "दोन." टँकर येईल? "सात, पण पाणी आपल्या विंगेला पोचेल का, हा वेगळा प्रश्न. तीन." माझा मुलगा दहावीला बसला तेव्हा जिन्यात थांबवून म्हणाले, "पास होईल. साडेआठ. गणित वेगळं काढलं तर चार." बायकोने दोन दिवस त्यांच्या घरी वाटी-चमचासुद्धा पाठवला नाही.

शिवाय प्रश्न नीट मांडायला हवा, हा हट्ट. "पाऊस पडेल का?" असं विचारून चालत नाही. कुठे, किती वाजेपर्यंत, आणि पडला हे ठरवणार कोण? एवढी उलटतपासणी होईपर्यंत विचारणारा भिजलेला असतो. आणखी एक खोड म्हणजे पुरते दहा कशालाच द्यायचे नाहीत. "उद्या सूर्य उगवेल ना?" असं मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "साडेनऊ."

खाडीवरच्या एका म्हाताऱ्या रेतीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, यो त मटकाच!" भावसाहेब भयंकर दुखावले. कल्याणजी भगतांचा मटका म्हणजे निव्वळ नशीब, हा अभ्यास! एप्रिल २०२५मध्ये सेबीने बजावलं की हे व्यवहार आमच्या कक्षेत येत नाहीत, इथे गुंतवणूकदाराला संरक्षण नाही. तेव्हाही हे म्हणाले, "अभ्यासाला संरक्षण कशाला?"

आणि अभ्यास कशाचा, तर टेनिसचा. या माणसाने जन्मात रॅकेट धरलेली नाही, धरली असेल तर डास मारायची. पण क्रिकेटमध्ये भाव हलायला षटक जावं लागतं, टेनिसमध्ये प्रत्येक गुणाला हलतो, म्हणून टेनिस. ८ जून २०२५ला फ्रेंच ओपनची अंतिम लढत होती, सिनर आणि अल्काराझ. मला आग्रहाने बोलावलं. टीव्ही मुका, आणि यांची नजर मोबाइलवर. चेंडू कुठे पडला ते मी सांगायचं आणि भाव कुठे पडला ते त्यांनी.

सिनरने पहिले दोन सेट घेतले, तिसरा गेला. चौथ्यात सिनर ५-३ पुढे, अल्काराझच्या सर्व्हिसवर ०-४०. विजेतेपदाचे तीन गुण हातात. सिनरचा भाव साडेनऊ. भावसाहेबांनी शंभर नग उचलले. "पन्नास रुपये रस्त्यात पडलेत, वाकायचं तेवढं." वहिनी आतून म्हणाल्या, "पन्नासासाठी साडेनऊशे? कोथिंबिरीच्या जुडीला दोन रुपये सोडत नाहीत हे!"

अल्काराझने तिन्ही गुण वाचवले. तो सेट टायब्रेकवर घेतला, पाचवाही घेतला, तिथल्या टायब्रेकमध्ये १०-२. सामना ५ तास २९ मिनिटं चालला. इतकी लांबलेली अंतिम लढत त्या स्पर्धेत पूर्वी झाली नव्हती. मी उठताना सांत्वनाचे शब्द शोधत होतो, तर हे म्हणाले, "भाव बरोबरच होता. साडेनऊ म्हणजे विसात एकदा हरायचंच. ते एकदा आज आलं."

ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, ॲप मिटलं. सोसायटीने सुटकेचा निःश्वास टाकला. पण पैसे बंद झाले, भाव कसले बंद होतायत? उलट आता ते फुकट मिळू लागले.

मध्यंतरी कोलशेत रोडवरच्या एका नव्या टॉवरचं माहितीपत्रक मी त्यांना दाखवलं. डिसेंबरात ताबा. "दीड." मेट्रो हाकेच्या अंतरावर. "कापूरबावडीहून भिवंडीमार्गे कल्याणला जाणारीचं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८चं. तेव्हापासून हाकाच मारतोय." प्रत्येक खिडकीतून खाडी. "आज साडेनऊ. पुढचा प्लॉट रिकामा आहे तोवर." मग चष्मा काढून म्हणाले, "दहा रुपयांच्या खेळात नको झालं तर विकून बाहेर पडायचं बटण होतं. नव्वद लाखांच्या या खेळात ते कुठाय?" कायद्याने बंदी कशावर आणली आणि कशावर नाही, याचा विचार करत मी गप्प बसलो.

चित्रातल्या टॉवरवर बोट ठेवून ते पुढे म्हणाले, "इथेच आमची केमिकल कंपनी होती. लागलो तेव्हा वडिलांनी पेढे वाटले. पोराची जन्माची सोय झाली म्हणाले. दहा भाव होता, पुरते दहा." मग कंपनीला टाळं लागलं, हिशेबाचा चेक मिळाला, गेटवर बिल्डरची पाटी लागली. "तेव्हापासून दहा कशाला देत नाही."

हे ऐकूनही माणूस लगेच आवडायला लागला असं नाही. लग्नाच्या मांडवात "टिकेल, सात" म्हणणारा माणूस कोणाला आवडेल? पण प्लंबर, नगरसेवक, जावई, सगळेच ज्या शहरात 'शंभर टक्के' म्हणतात, तिथे पन्नास पैशांची शंका बाजूला काढून ठेवणारा एक तरी असावा, एवढं कबूल करतो.

फ्लॅट आम्ही घेतला नाही. दलालाचा अजून फोन येतो, "सर, डिसेंबर शंभर टक्के!" मी विचारतो, "कुठल्या वर्षीचा, आणि आला हे ठरवणार कोण?" हल्ली तो माझा फोन पटकन ठेवतो.